जुन्या व्हीटेकला टर्बो: जळगावचं गॅरेज

होंडा सिटी व्हीटेक, 2002 चं मॉडेल, मीटरवर 1 लाख 90 हजार किलोमीटर. अजिंठा रोडवरच्या या गॅरेजात टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) बसवायला गेलो, तर मिस्त्री म्हणाले, "आधी इंजिन देखू, मंग बोलूत." चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. एकाचं कमी आलं. त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा वर चढला. ऑइलने फट बुजली, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या. मी म्हटलं चालेल, तर साफ नकार! रिंगा बदलल्याशिवाय टर्बोला हात लावणार नाही म्हणे. तिथेच विश्वास बसला आणि मी गाडी त्यांच्याकडे कामाला सोडली.

पिस्टन मूळचेच, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा जादा दाब, फक्त 0.4 बार. टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र दणकट, बंपरमागे समोरच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. गरम हवा आत गेली की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठोकठोक, ठरलेलं. कन्नड घाटात आता तिसऱ्या गियरवर गाडी अशी खेचते की भो, विचारूच नका! गर्दीत एसी लावला की इंजिनच्या तापमानाचा काटा थोडा चढतो.

बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आणि आरटीओ, विम्याचा विषय तुम्हीच काढा, मिस्त्री स्वतःहून बोलत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीत फेरबदल करण्याबद्दलचं, आधी वाचून जा.