मे महिन्यातला स्लॅब आणि सगळ्या घराची सहल : आमच्या ठेकेदाराच्या कामाविषयी

विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाला घराचे काम काढायचे असो की सगळ्यांनी मिळून कुठे जायचे असो, दोन्हींसाठी मोकळा काळ एकच असतो, तो म्हणजे अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचा. तूर-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, मुलांना सुट्ट्या असतात आणि ७ जूनच्या आसपास मृग निघाला की वावरातून डोके वर काढता येत नाही. यंदा आमच्याकडे घराच्या मागच्या भागावरचे कवेलू काढून स्लॅब टाकायचा होता, आणि आईला घेऊन आम्हा भावांच्या कुटुंबांनी लोणार, वेरूळ व शेगाव करून यायचे, हेही बरेच दिवस रखडले होते. घर उघडे टाकून कुठे जाता, असे भावकीतल्या बहुतेकांनी विचारले. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात नीट पार पडल्या त्या मुख्यतः आमच्या ठेकेदारामुळे, म्हणून त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे. ते दारव्हा-कारंजा भागात कामे घेतात. उन्हाळ्यात आधीच कामे पेलत नाहीत म्हणून नाव छापू नका, अशी त्यांनी विनंती केली आहे, आणि ती मी पाळत आहे.

आमचे घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचे, समोर सागवानी खांबांची ओसरी असलेले. याआधी घर पाहून गेलेल्या एकाने याच भिंतींवर स्लॅब टाकून देतो, असे सांगितले होते आणि त्याचा दर साहजिकच कमी होता. या ठेकेदारांनी मात्र पहिल्याच भेटीत ते साफ नाकारले. पाच इंच जाडीच्या स्लॅबचे नुसते स्वतःचे वजन दर चौरस फुटाला सुमारे ३० किलो होते. कवेलू पेलण्यासाठी उभारलेल्या मातीच्या भिंती ते वजन फार काळ पेलणार नाहीत, म्हणून भिंतींच्या बाहेरून कॉलम उभे करून सगळा भार त्यांच्यावर घ्यावा लागेल, हे त्यांनी आईलाही समजेल अशा शब्दांत सांगितले. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कॉलमचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खोल नेण्याचा त्यांचा आग्रह होता. खर्च वाढला, पण तो कुठे वाढला हे खड्ड्यात उतरून डोळ्यांनी पाहता आले. ओसरीला त्यांनी हात लावला नाही, आणि उतरवलेले कवेलू फेकून न देता सांदवाडीत रचून ठेवले.

माझ्या दृष्टीने त्यांचे खरे कसब वेळेच्या आखणीत आहे. ओल्या स्लॅबखाली सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला तात्पुरता आधार देणाऱ्या पत्र्यांच्या साच्याच्या, बल्ल्या उभ्या असताना तिथे दुसरे कोणतेही काम करता येत नाही. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत, असे काँक्रीटच्या कामासाठीचे भारतीय मानक ४५६ सांगते. पाणी मारण्याचा कालावधीही त्यात दिला आहे. फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या, म्हणजे आज दुकानात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर १४ दिवस ओलावा टिकवावा, अशी त्यात शिफारस आहे. आमच्याकडचा मे महिना याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. ठेकेदारांनी हे सगळे कागदावर मांडून दाखवले आणि सहल याच दिवसांत बसवा, असे स्वतःहून सुचवले. आईने मागे थांबण्याची तयारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आईलेबी घेऊन जा भाऊ, पाण्याचं मी पायतो.’’

स्लॅबच्या दिवशी त्यांनी उजाडण्याआधीच मिक्सर सुरू केला. आदल्या संध्याकाळी गिट्टीवर पाणी मारून ती बारदान्याने झाकून ठेवली होती, कारण दिवसभर तापलेली गिट्टी मालातले, म्हणजे कालवलेल्या काँक्रीटमधले, पाणी शोषते आणि माल लवकर आवळतो. लोहा, म्हणजे स्लॅबमधल्या सळया, खालच्या पत्र्याला टेकू नये म्हणून सिमेंटचे ठोकळे जागोजागी ठेवले होते, आणि माल ओतण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः पायाने चाचपून पाहिले. सिमेंटच्या एका पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त पाणी घालायचे नाही, हा त्यांचा नियम होता. माल पातळ असला की घमेली भराभर रिकामी होतात, म्हणून मिक्सरवाल्या मुलाचा हात सारखा पाण्याकडे जात होता. ठेकेदार शेवटपर्यंत त्याच्या बाजूला मोजाची बादली घेऊन उभे राहिले. स्लॅबची मजबुती सिमेंटच्या कंपनीपेक्षा या बादलीवर जास्त अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे, आणि ती धरून उभा राहणारा ठेकेदार आमच्या भागात सहज मिळत नाही.

सहलीसाठी केलेली १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर त्यांच्याच ओळखीने मिळाली. चालक शांत स्वभावाचा होता. कारंजा लाडजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर रस्ता मोकळा दिसला, तरी अशा मोठ्या प्रवासी गाडीला असलेली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा त्याने ओलांडली नाही. उन्हात काँक्रीटच्या रस्त्यावर टायर फार तापतात म्हणून प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरून टायर तपासत असे. गाडीचा एसी मागच्या दोन रांगांपर्यंत पुरेसा पोहोचत नव्हता, आणि दुपारच्या प्रवासात मुलांना त्याचा त्रास झाला. भाडे ठरवतानाच मागच्या रांगेत बसून एसी पाहून घ्यावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखला होता, आणि ऊन चढण्याआधी कैलास लेणे पाहून झाल्यामुळे आईलाही ते झेपले.

मागे ठेकेदारांनी स्लॅबवर ओलितासारखे वाफे पाडून पाणी साचवून ठेवले होते. त्यासाठी एक माणूस ओसरीतच मुक्कामाला होता. विजेचा भरवसा नसल्याने दोन मोठे ड्रम भरून ठेवण्याची सोय त्यांनी आधीच केली होती. रोज सकाळी प्रत्येक वाफ्याचा फोटो यायचा, आणि पाणी किती उभे आहे ते कळावे म्हणून त्यात मोजपट्टी धरलेली असायची. लोणारच्या काठावर, बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेल्या त्या पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीच्या विवराकडे आम्ही बघत उभे असताना असाच फोटो आला. आईने तो मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘‘चुलीकडच्या कोपऱ्यातला वाफा कोरडा दिसून राह्यला.’’ फोन केला. कडेची पाळ फुटून पाणी वाहून गेले होते. सबब न सांगता ठेकेदार स्वतः घरी गेले, पाळ बांधून वाफा भरला आणि आम्ही विवराच्या काठावरून निघायच्या आत नवा फोटो पाठवला. पुढच्या प्रवासात आईने घराची चौकशी केली, पण काळजी केली नाही. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेत ती निवांत बसली होती, आणि मला वाटते, या सेवेचे सगळ्यात मोठे मोल त्या निवांतपणातच आहे.

सेंट्रिंगचे पत्रे भाड्याचे असतात आणि उन्हाळ्यात दुसऱ्या कामावर त्यांची वाट पाहिली जात असते. त्यामुळे मालक गावाला गेला की ते लवकर उतरवण्याचे प्रकार होतात. आम्ही परतलो तेव्हा आमच्या बल्ल्या जशाच्या तशा उभ्या होत्या. पत्रे उतरल्यावर खालची बाजू सलग निघाली, कुठे लोहा उघडा दिसला नाही.

यानंतरच्या कामाबद्दल मात्र मी तितके समाधानी नाही. स्लॅब होताच ठेकेदारांचे लक्ष पुढच्या कामांकडे वळले आणि आमच्याकडे दुसऱ्या मिस्त्रीची टोळी आली. बांधकामाला नदीची रेती वापरायची असे ठरले असताना प्लास्टरसाठी आम्हाला न विचारता क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, आणली गेली. ती चांगली चाळलेली असेल तर चालते, हे मला मान्य आहे, पण आधी विचारायला हवे होते आणि दरातला फरक बिलातून आपणहून वजा व्हायला हवा होता. तो मागितल्यावर वजा झाला. न्हाणीच्या फरशीचा उतार मोरीच्या उलट बाजूला गेला होता. तक्रार केल्यावर त्यांनी फरशी काढून स्वतःच्या खर्चाने पुन्हा बसवली, परंतु तोपर्यंत मृगाचा पाऊस सुरू झाला होता आणि पेरणीच्या धांदलीत घरातल्या बायकांना अंघोळीसाठी शेजारी जावे लागले. एकूण हिशेबाचा दहावा हिस्सा काम पूर्ण झाल्यावर द्यायचा, असे आम्ही सुरुवातीलाच लिहून घेतले होते. ते लिहून घेतले नसते तर ही दुरुस्ती आणखी लांबली असती, असे मला वाटते.

पाया, कॉलम आणि स्लॅब यांसाठी मी हेच ठेकेदार पुन्हा बोलावीन. प्लास्टर आणि फरशीसाठी बोलावले तर मिस्त्री कोण येणार, हे आधी विचारीन आणि रेतीचा प्रकार करारात लिहून घेईन. मजुरी चौरस फुटावर आणि साहित्य आपले, अशी त्यांची पद्धत आहे, त्यामुळे सिमेंट-लोह्याची पावती आपल्याच हातात राहते. ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा आहे त्यांनी आपल्या ठेकेदाराशी होळीच्या आधीच बोलून घ्यावे, कारण अक्षय तृतीयेनंतर कुणाचेच सेंट्रिंगचे पत्रे मोकळे नसतात.