नुसते दाब की तोंडाने श्वासही?

सोसायटीतल्या काकांनी विचारलं, "समोर कोणी कोसळलं तर नुसती छाती दाबायची की तोंडाने श्वासही द्यायचा?" खांदे हलवूनही माणूस हलत नसेल, श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील (तो श्वास नव्हे!), तर आधी १०८ ला फोन, मग हा प्रश्न.

दाब दोन्हीत सारखेच: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०.

शिकायला नुसते दाब सोपे. दुसऱ्या पद्धतीत ३० दाबांमागे २ श्वास. डोकं मागे, हनुवटी वर, नाक बंद. सराव नसेल तर यात मोलाचे सेकंद जातात, आणि दाब थांबले की मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं. दमछाक मात्र नुसत्या दाबांत जास्त. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

हृदय अचानक बंद पडलं तर पहिली काही मिनिटं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून दाब पुरतात. बुडालेल्याचा तो आधीच संपलेला असतो. तिथे श्वास हवेतच.

काकांनी नुसते दाब शिकावेत, आजच. किनाऱ्यावरच्या आणि तलावावरच्या जीवरक्षकांना श्वासासकट सगळं यायलाच हवं.