व्हेनेझुएलाचं 'क्लॅप' खोकं: पोट भरतं, पोषण नाही

'क्लॅप' म्हणजे 2016 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांच्या सरकारने सुरू केलेली शिधा योजना, धान्याचं खोकं घरोघरी देणारी. किंमत नाममात्र, पण वाटप रेशन दुकानातून नाही. वस्तीतल्या समितीकडे आधी पैसे भरायचे आणि वाट बघायची. समित्या सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात. त्यात 2017 पासून क्यूआर कोडचं सरकारी ओळखपत्र, 'मातृभूमी कार्ड', आलं, म्हणजे कोण आपला, कोण विरोधी, याची नोंदही सोबतच.

आत मक्याचं पीठ, तांदूळ, पास्ता, डाळ, तेल, साखर, दूध पावडर. अंडी, ताजी भाजी, फळं नाहीत. खोकं महिन्याला यायला हवं. राजधानी कराकसबाहेर बरेचदा त्याहून उशिरा.

अरेपासाठी, म्हणजे तिथल्या मक्याच्या जाड भाकरीसाठी, पीठ आधी शिजवलेल्या मक्याचं लागतं, आपलं भाकरीचं पीठ इथे चालत नाही. दोन वाट्या पिठाला अडीच वाट्या कोमट पाणी, चिमूटभर मीठ, पाच मिनिटं झाकून ठेवणं. घाई केली तर अरेपाच्या कडा फुटतात.

सगळ्यात वाईट वस्तू दूध पावडर. 2018 मध्ये उघड झालेल्या रासायनिक तपासणीत मेक्सिकोहून आलेल्या काही पावडरींत कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त निघालं. वाढत्या मुलांसाठी हे दूध म्हणवत नाही.

सत्तर लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. अनेक मुलं आजीकडेच राहिली. अशा घरात परदेशातून येणारे डॉलर अंडी-मांसासाठी राखावेत. बोलिव्हारमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, साठवण्यात अर्थ नव्हता: महागाईने किंमत इतकी घसरली की 2018 मध्ये नोटेवरची पाच शून्यं गेली, 2021 मध्ये आणखी सहा.