रो हाऊसच्या माळ्यावर तयार खोली: नऊ महिने राहिल्यानंतर

‘एका दिवसात खोली’ हे जाहिरातीतलं वाक्य खोटं नाही. सकाळी क्रेन आली आणि दुपारी चारच्या आत कारखान्यात तयार झालेली खोली खिडक्यांसकट छपराच्या जागी बसली. फक्त तो एक दिवस तिसऱ्यांदा ठरवलेला होता, आधीच्या दोन्ही वेळा वाऱ्यामुळे काम रद्द झालं. शिवाय आधी दोन आठवडे लोखंडी तुळया आणि नंतर पाच आठवडे जिना, वायरिंग, प्लास्टर. हिशेब दोन महिन्यांचाच धरा.

तुळया टाळता येत नाहीत. माळ्याचे जुने वासे खालच्या छताचं वजन पेलण्यापुरते असतात, माणसं आणि कपाटं त्यांच्यावर ठेवता येत नाहीत. नव्या तुळया दोन्हीकडच्या सामाईक भिंतींत टेकतात, म्हणून शेजाऱ्यांची लेखी संमती घ्याच आणि त्यांच्या भिंतींचे फोटोही काढून ठेवा. शेजारच्या काकूंनी दाखवलेली तडे गेलेली भिंत आमच्या आधीच्या फोटोत तश्शीच निघाली, नाहीतर आयुष्यभराचा अबोला ठरलेला होता.

खरी गोम नवी खोली आणि जुनं घर यांच्या सांध्यात आहे. खोली कारखान्यात मिलिमीटरच्या मापाने बनते, आणि आमचं घर मागच्या कोपऱ्यात तीन सेंटिमीटर तिरकं. फट फोमने भरून वर पट्टी मारली, दिसायला झकास. थंडीत उशाशी गार झोत यायला लागला. उदबत्ती धरली तर धूर सरळ आडवा! पट्टी उचकटल्यावर कळलं, आतला बाष्परोधक कागद भिंतीला चिकटवलेलाच नव्हता. खोलीतली दमट हवा तिथून शिरून गार लाकडावर पाणी धरते, चार-पाच वर्षांत लाकूड कुजलं असतं. कंपनीने दोन फेऱ्यांत फुकट दुरुस्त केलं, पण बोलावून बोलावून जीव गेला. सांधा बंद होतो त्या दिवशी रजा काढा आणि तिथेच उभे राहा.

बाकी थंडीत हीटर जेमतेम लागला. उन्हाळ्यात मात्र उलटं. विटांची भिंत दिवसभराचं ऊन पोटात घेते, नव्या खोलीच्या हलक्या लाकडी पॅनेलला ते जमत नाही. खाली 25 अंश असताना वर 31. आतल्या पडद्याने फारसं काही होत नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. बाहेरून लावायच्या पडद्यांनी तीनेक अंश उतरले. ते सुरुवातीलाच मागवायला हवे होते.

जिन्याने खालची लहान खोली अर्धी खाल्ली. पायरीवर डोक्याशी दोन मीटर उंची हवी म्हटल्यावर जिना हवा तिथे बसत नाही, आणि माहितीपत्रकातल्या चित्रात जिना कधीच नसतो. माळ्यावरची पाण्याची टाकीही काढावी लागली, तो खर्च वेगळा.

सपाट छतावर पावसाचा आवाज जोरात येतो. मला आवडतो, बायकोला नाही. सोसाट्याचा वारा सुटला की जिन्याकडचा कोपरा अजून कुरकुरतो. त्यासाठी माणूस येणार आहे, पुढच्या आठवड्यात म्हणे.