पिनचा होल्डर, आट्यांचा होल्डर की पॅनेल लाइट?

घराचं काम निघालं की टाइल्ससाठी चार दुकानं पालथी घातली जातात, नळांसाठी दोन. दिव्यांचं मात्र "वायरमन बघेल" म्हणून सोडून दिलं जातं. तो वायरमन मीच, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की हे माझ्यावर सोडू नका. लागलेला दिवा सगळीकडे सारखाच दिसतो. फरक कळतो तो दिवा गेल्यावर. स्टुलावर चढून दोन मिनिटांत तुम्हीच बदलाल, की कोणाला तरी बोलावून छताला हात घालावा लागेल? तिन्ही प्रकार मी याच नजरेने बघतो.

पिनचा होल्डर आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे. बाजारात त्याला बी-22 म्हणतात, कारण बल्बच्या टोपीचा व्यास 22 मिलिमीटर. आत दोन पितळी खुंट्या आणि त्यांच्यामागे स्प्रिंगा. बल्ब दाबून जरासा फिरवला की त्याच्या बाजूच्या पिना खाचेत अडकतात आणि स्प्रिंगा मागून त्याला रेटून धरतात. बल्ब सुटायचा तर आधी दाबायला हवा, मग फिरवायला. म्हणून पंख्याची थरथर असो की दारावरून जाणारे डंपर, तो आपोआप सैल होत नाही. शिवाय 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून घरोघरी गेलेले एलईडी बल्बही याच टोपीचे. रात्री आठ वाजता बल्ब गेला तर गावातल्या किराणा दुकानातही हाच मिळतो.

त्याची कमजोरीही त्या स्प्रिंगेतच आहे. एका घरी स्वयंपाकघरातला बल्ब सारखा जात होता. तीन बल्ब बदलून झाले, दुकानदाराशी वाद झाला, मग मला बोलावलं. मेन बंद करून होल्डर उघडला. एक खुंटी लखलखीत होती, दुसरी काळी पडलेली आणि टोकाला खड्डा. बोटाने दाबली तर आत गेली ती आतच राहिली. तापून तापून स्प्रिंगेतला जोर गेला होता. संपर्क अर्धवट, त्यामुळे ठिणग्या, ठिणग्यांमुळे आणखी ताप. बल्बांचा काहीच दोष नव्हता. नवा होल्डर घातला आणि तक्रार मिटली.

म्हणून विकत घेताना होल्डर हातात घेऊन दोन्ही खुंट्या अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही सारख्याच जोराने वर यायला हव्यात. वायर कसायच्या पट्टीला छोटा लोहचुंबक लावा. चिकटला तर ते पितळ नाही, पितळेच्या रंगाचं लोखंड आहे. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, असं लोखंड लवकर गंजतं. आयएसआय मार्क आणि आयएस 1258 हा क्रमांक बघून घ्या. स्वस्तातला होल्डर आणि चांगला होल्डर यांच्या किमतीतला फरक एका बल्बाइतकाही नसतो.

आट्यांचा होल्डर म्हणजे ई-27. यात खालच्या टोकाला एक संपर्क आणि आट्यांच्या कवचाला दुसरा. कवच सगळीकडून बल्बला धरतं, त्यामुळे जड बल्बही सरळ बसतो आणि शेडमध्ये एका बाजूला कलत नाही. शोभेचे लटकते दिवे, भिंतीवरचे दिवे बहुतेक याच मापात येतात. झुंबरातल्या मेणबत्तीसारख्या बल्बांना त्याचा धाकटा भाऊ, ई-14. थरथर असेल तिथे मात्र हा बल्ब हळूहळू आट्यांतून सैल होतो. आणि सैल झाला म्हणून जोर लावून पिळला, तर तळातली पितळी जीभ चपटी होते आणि पुढचा बल्ब तिथपर्यंत पोचतच नाही.

पण खरी काळजी घ्यायची ती वायर जोडताना. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, टोकालाच गेली पाहिजे, आट्यांच्या कवचाला न्यूट्रल, म्हणजे परतीची. उलटं जोडलं तरी दिवा छान लागतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं कळत नाही. मग एक दिवस कोणी बटण चालू ठेवून बल्ब काढतं, बोट आट्यांच्या धातूला लागतं आणि 230 व्होल्टचा झटका बसतो. काम ताब्यात घेताना वायरमनला म्हणा, "दादा, टेस्टर लावून दाखवा." त्यात कोणाचाही अपमान नाही, मला कोणी असं विचारलं की बरं वाटतं. टेबललॅम्पचा दोन पिनांचा प्लग सॉकेटात उलटाही बसतो, तिथे ही खात्री देताच येत नाही, म्हणून बल्ब बदलण्याआधी प्लगच काढा. अमेरिकेहून मुलाने दिवा आणला असेल तर त्यात आपला 230 व्होल्टचा बल्ब बसू शकतो, पण सोबत आलेला 120 व्होल्टचा बल्ब इथे लावू नका.

पिनच्या होल्डरमध्ये आट्यांचा बल्ब बसवायचा अडॅप्टर मिळतो. तो चार दिवसांची सोय म्हणून ठीक आहे. कायमचा ठेवला तर तापणारा आणखी एक सांधा वाढतो, आणि बल्ब लांब लोंबकळून स्प्रिंगांवर ताण येतो.

आता पॅनेल. फॉल्स सीलिंग केलं की सगळ्यांना तेच हवं असतं, आणि दिसतंही सुंदर. जिप्सम बोर्डाला गोल भोक पाडायचं, पॅनेलचे दोन स्प्रिंगांचे कान वर दाबून आत सारायचे, ते सुटले की पॅनेल छताला चिकटून बसतं. पण भोकाचं माप कंपनीगणिक बदलतं. तीन वर्षांनी एक पॅनेल गेलं आणि ते मॉडेल बंद झालेलं असलं, तर नवं एकतर भोकात जात नाही किंवा कडेला फट राहते. पाच दिव्यांच्या ओळीत एक वेगळा दिसतो. दोनतीनदा काढघाल झाली की जिप्समची कडही भुगा होऊन सुटते. म्हणून दहा पॅनेल लागणार असतील तर त्याच मॉडेलची दोन जास्त घेऊन माळ्यावर ठेवा.

आणि गेलेलं पॅनेल लगेच फेकू नका. बहुतेक वेळा आतले एलईडी शाबूत असतात, वर ठेवलेली ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला हवा तेवढाच करंट देणारी, डबी जाते. तिच्यावर मिलिअँपिअरचा आकडा आणि व्होल्टची मर्यादा छापलेली असते. आकडा तोच आणि मर्यादाही जुळणारी असलेला ड्रायव्हर बाजारात मिळतो. एकच गोष्ट लागते, डबी भोकातून बाहेर येण्याइतकी वायर सैल सोडलेली हवी. काम चालू असताना हे सांगून ठेवा, नंतर उपयोग नाही.

स्वयंपाकघर, व्हरांडा, देवघर, गावाकडचं घर: पिनचा होल्डर. जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा, पलंगाजवळचा दिवा: आट्यांचा. हॉलमध्ये फॉल्स सीलिंग होणारच असेल तर पॅनेल. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात कुठलाही एलईडी बल्ब घालताना कमी वॅटचा घाला, आत उष्णता कोंडून त्याचं आयुष्य घटतं.

जिन्यावर मात्र छताला काहीच लावू नका. तिथे शिडी तिरकी राहते, आणि घरात सत्तरीचे आजोबा असले तर बल्ब बदलायला तेच आधी चढतात. भिंतीवर, पायरीवर उभं राहून हात पोचेल अशा उंचीला पिनचा अँगल होल्डर लावून घ्या.