रिमोट स्टार्ट: चावीवरचं घ्यावं की मोबाइलवरचं? नागपूरच्या उन्हाळ्यापुरती तुलना

नागपुरात उन्हाळ्यात गाडी बुक करायला निघालेला माणूस हमखास एका प्रश्नापाशी अडतो. मधल्या व्हेरियंटमध्ये रिमोट स्टार्ट (गाडीत न बसता दुरून इंजिन आणि एसी सुरू करणं) चावीवर मिळतं. वरच्या व्हेरियंटमध्ये तेच मोबाइलच्या अ‍ॅपवरही येतं आणि एसीचं तापमान घरात बसून ठरवता येतं. सनरूफ, मोठा स्क्रीन, गार हवेच्या सीटा यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी इथे एवढंच बघणार आहे, की नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी दोन वाजता तापलेली गाडी बसण्याजोगी करायला यातलं कोणतं भरवशाचं आणि कोणतं सुरक्षित. मी दोन्ही वापरतो, त्यामुळे एकाकडे थोडा झुकलेलो असेन.

चावीचा मामला सरळ आहे. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत आधी लॉकचं बटण दाबायचं आणि चार सेकंदांच्या आत रिमोट स्टार्टचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरायचं. चारही इंडिकेटर लुकलुकतात आणि इंजिन सुरू होतं. बंद करायचं तर तेच बटण पुन्हा एकदा. पुस्तिकेत पल्ला दहा मीटरचा लिहिलेला असतो. मोकळ्या जागेत तो थोडा वाढतो, स्टिल्ट पार्किंगच्या खांबांआड कमी होतो. दहा मिनिटांत कोणी आलं नाही तर इंजिन आपोआप बंद पडतं. चावी जवळ असताना आत बसायचं, ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबायचं, की पुढे गाडी नेहमीसारखी.

अ‍ॅपचा रस्ता लांबचा आहे. तुमचा हुकूम मोबाइलवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून गाडीतल्या सिमकार्डवर येतो, झोपलेलं यंत्र जागं होतं, दारं आणि गिअर तपासतं, इंजिन सुरू करतं आणि मग ‘सुरू झालं’ असा निरोप त्याच वाटेने परत पाठवतं. वर्धा रोडवर मोकळ्या जागेत गाडी उभी असेल तर हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात उरकतं. पण नागपुरातली किती पार्किंगं मोकळी आहेत? नव्या फ्लॅट स्कीममध्ये गाड्या स्टिल्टखाली, सीताबर्डी-धरमपेठच्या कॉम्प्लेक्समध्ये तळघरात. तळघरात गाडीच्या सिमला बहुधा रेंजच नसते.

मला खटकतं ते इथे. अ‍ॅपवर चक्र फिरत राहतं आणि गाडी सुरू झाली की नाही हे कळत नाही. हुकूम वाटेत अडकला असेल, गाडीने नाकारला असेल किंवा गाडी सुरू होऊन नुसता परतीचा निरोप हरवला असेल. तिन्ही वेळी स्क्रीनवर जवळपास एकच दिसतं. माणूस स्वाभाविकपणे पुन्हा दाबतो किंवा सोडून देऊन मीटिंगला जाऊन बसतो. आणि बंद करण्याचा हुकूमही त्याच वाटेने जातो! म्हणजे ज्या क्षणी गाडी तातडीने बंद व्हायला हवी, त्या क्षणीही तुमच्या हातात चक्रच. दहा मिनिटांचा टायमर शेवटी तिला बंद करतो हे खरं, पण मधली दहा मिनिटं कोणाच्या नजरेखाली जातात?

चावीला हा प्रश्नच नाही. पल्ला इतका तोकडा की गाडी बहुधा डोळ्यांसमोर असते. दिवे लुकलुकताना दिसतात, इंजिन ऐकू येतं, आणि चुकलं तर बटण हातात. शोरूमवाले दहा मीटरचा पल्ला उणीव म्हणून सांगतात. मला मात्र ती सोय वाटते, कारण इंजिन सुरू होण्याआधी गाडीच्या आसपास काय आहे ते बघून घेता येतं.

आसपास काय असतं ते बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे कुत्री सावलीसाठी गाडीखालीच झोपतात. सकाळी गाड्या पुसणारा मुलगा बंपरला टेकून चाक धूत असतो. सोसायटीतली पोरं खांबाआड लपाछपी खेळतात. बॉनेट उघडं असेल तर रिमोट स्टार्ट होत नाही, ही सोय कंपनीनेच ठेवलेली आहे. पण गाडीखाली किंवा सायलेन्सरपाशी कोण आहे हे कुठलाही सेन्सर सांगत नाही. गाडी सर्व्हिसिंगला टाकताना तर अ‍ॅपमधला रिमोट स्टार्ट आधी बंद करावा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर तेच खातं असेल तर तिथेही सांगून ठेवावं. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली मेकॅनिक उभा असतो.

आता धुराचं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गार इंजिन सुरू होतं तेव्हा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो, म्हणून पहिल्या मिनिटांतला धूर सगळ्यात वाईट. बंद गॅरेजमध्ये, शटर लावलेल्या दुकानगाळ्यात किंवा तळघरात पेट्रोल-डिझेल गाडी दुरून सुरू करूच नये, मग ती चावीने असो की अ‍ॅपने. डुप्लेक्सच्या पोर्चमध्ये गाडीचं तोंड घराकडे नसून सायलेन्सर घराकडे असेल आणि समोर बेडरूमची खिडकी किंवा कूलर असेल, तरीही नको. डेझर्ट कूलर बाहेरची हवा ओढतो, तो सायलेन्सरचा धूर थेट खोलीत आणून सोडेल. पोर्चमध्ये गाडी मागे घेऊन लावायची सवय असलेल्यांनी ही गोष्ट आधी जुळवावी, मग रिमोट स्टार्टकडे वळावं.

रस्त्यावर लावलेल्या गाडीला कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६: सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असावा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज असावी. पार्किंग लॉक आणि ब्रेक ही अशी तजवीज ठरेल असा युक्तिवाद करता येतो, पण काही घडल्यावर तो करत बसण्यात अर्थ नाही. सदर भागातल्या रस्त्यावर गाडी लावून रेस्टॉरंटमधून अ‍ॅपवर सुरू करणं मी तरी टाळेन.

गिअर मॅन्युअल असेल तर आणखी जपावं. कंपनीने दिलेल्या रिमोट स्टार्टला गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला लागतो. रॅम्पवर किंवा उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडायची आपली चांगली सवय इथे आडवी येते, कारण न्यूट्रलमध्ये नुसत्या हँडब्रेकवर उतारावरची गाडी सोडणं धोक्याचं. उतारावर लावली असेल त्या दिवशी गाडी गिअरमध्येच ठेवा आणि रिमोट स्टार्टला सुट्टी द्या.

बाजारात बाहेरून बसवून मिळणाऱ्या किटबद्दल एवढंच सांगतो: नका बसवू. त्यात स्टिअरिंगखालच्या वायर कापून जोड दिलेले असतात, इमोबिलायझरला (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेला) चकवण्यासाठी कधी दुसऱ्या चावीची चिप डॅशबोर्डमागे दडवतात, आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे बऱ्याच किटना कळतच नाही. गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टरच्या झटक्याने समोरच्या भिंतीवर जाऊ शकते. वॉरंटीचा वाद निघेल तो वेगळाच.

एसीच्या बाबतीत दोघांत फरक आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. अ‍ॅपवर तापमान आकड्यात ठरवता येतं. चावीवर बहुतेक गाड्यांत एसी शेवटी जसा ठेवला तसा सुरू होतो. म्हणून चावीवाल्यांनी गाडी बंद करतानाच एसी चालू, ऑटो, २४ अंश असं ठेवून उतरावं. साधा गोल नॉब असेल तर तो निळ्या टोकाला, ब्लोअर तीनवर आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) चालू. ही सवय लागली की अ‍ॅपची अर्धी बढाई संपते.

पण २४ ठेवा की १८, उभ्या गाडीत पहिल्या पाच मिनिटांत फारसा फरक पडत नाही. आयडलिंगला कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि समोरून वारा नसल्यामुळे कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला) फक्त पंख्याचा आधार असतो. बाहेर ४५ अंश असताना तो पंखा ४५ अंशांचीच हवा ओढतो, वर तापलेल्या डांबराची धग. म्हणून दहा मिनिटं गाडी उभी चालवण्यापेक्षा तीन-चार मिनिटं चालवून निघणं जास्त फायद्याचं. निघाल्यावर पहिले दोन-तीनशे मीटर मागच्या दोन्ही काचा खाली आणि ब्लोअर फुल. आतली हवा बाहेरच्या ४५ अंशांपेक्षाही बरीच गरम असते, ती आधी घालवायची. मग काचा वर आणि रीसर्क्युलेशन. गाडी पळायला लागली की एसी जो जोर धरतो तो उभ्या गाडीत कधीच येत नाही. स्टिअरिंग आणि बेल्टचं बक्कल चटका देणार नाही इतपत उतरलं, की रिमोट स्टार्टचं काम झालं समजा. समोरच्या काचेला चंदेरी पडदा लावला असेल तर तेही लवकर होतं.

खर्च विचाराल तर एसी लावून आयडलिंगला साध्या पेट्रोल गाडीला तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल लागतं. म्हणजे दहा मिनिटांचे साधारण पंधरा-वीस रुपये. मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट डिझेलवाल्यांची आहे. बीएस-सहा डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठते आणि ती जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. रोज दहा मिनिटं आयडलिंग आणि मग मनीषनगर ते बर्डी एवढंच अंतर, असा वापर असेल तर डीपीएफचा दिवा लवकर भेटीला येतो. अशांनी आठवड्यातून एकदा हिंगणा किंवा वर्धा रोडवर अर्धा तास सलग गाडी पळवावी आणि रिमोट स्टार्ट तीन मिनिटांवर आणावं.

अजून एक खूण ध्यानात ठेवा. चालत्या गाडीत एसी गार आणि सिग्नलवर उभं राहिलं की कोमट, असं होत असेल तर रेडिएटरचा पंखा किंवा धुळीने भरलेला कंडेन्सर तपासा आणि तोवर रिमोट स्टार्ट वापरू नका. तुम्ही आत नसता तेव्हा तापमानाचा काटा बघायला कोणी नसतं.

आणि मूल, म्हातारं माणूस किंवा कुत्रं आत ठेवून ‘एसी चालू आहे ना’ म्हणत दुकानात जायचं नाही. रिमोटने सुरू झालेली गाडी दहा मिनिटांनी न सांगता बंद होते, आणि काचा बंद असतील तर आपल्या उन्हात पुढच्या काही मिनिटांतच आतली हवा जीवघेणी होते. अ‍ॅपवर ‘चालू’ दिसत असलं तरी तो निरोप मघाचा असू शकतो.

अ‍ॅप जिंकतं अशा जागाही आहेत, त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. मिहानमधल्या कंपन्यांच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी दोनशे मीटरवर उन्हात असते, डोक्याला दुपट्टा गुंडाळून तिथवर जायचं असतं, आणि सिक्युरिटीवाल्याची नजरही असते. तिथे चावीचा पल्ला काही कामाचा नाही आणि अ‍ॅप खरंच उपयोगी पडतं. दारं लॉक आहेत का, काच उघडी राहिली का, हेही अ‍ॅप सांगतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर माझा कौल सरळ अ‍ॅपला. इंजिन नाही, धूर नाही, तळघरात सिमला नेटवर्क मिळालं तर तिथेही निर्धास्त चालवा, आणि चार्जरला लावलेली असताना केबिन गार केलं तर ती वीज मुख्यतः भिंतीतून जाते, बॅटरी धावण्यासाठी वाचते.

फक्त अ‍ॅपची वर्गणी किती वर्षं फुकट आणि त्यानंतर वर्षाला किती, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे गाडी उभी राहिली तर बऱ्याच गाड्यांतलं अ‍ॅपचा हुकूम घेणारं यंत्र बॅटरी वाचवायला झोपी जातं आणि हाक मारून उठत नाही, हेही माहीत असू द्या. चावीची देखभाल त्या मानाने किरकोळ. सहसा सीआर २०३२ सेल लागतो, पल्ला कमी झालासा वाटला की बदलायचा, आणि चावी डॅशबोर्डवर उन्हात टाकायची नाही.

पेट्रोल किंवा डिझेल गाडी घेत असाल आणि जास्तीचे पैसे केवळ अ‍ॅपवरच्या रिमोट स्टार्टसाठी जाणार असतील, तर मी मधलं व्हेरियंट घेऊन उरलेल्या पैशांतून काचांना उष्णतारोधक फिल्म, नियमात बसत असेल तरच, लावून घेईन. तरी मन मानत नसेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी दुपारी तुमच्या स्वतःच्या इमारतीत आणायला सांगा. नेहमीच्या जागी ती लावा, सेल्समनला गाडीपाशी थांबवा, तुम्ही वर जा, अ‍ॅपवरून सुरू करा आणि त्याला फोनवर विचारा की इंजिन नेमकं कधी लागलं. मग बंदचा हुकूम द्या आणि पुन्हा विचारा.