नाव कुठे घालायचं? पालिकेचं रुग्णालय, पेठेतलं प्रसूतिगृह की मोठं हॉस्पिटल

पाचवा महिना लागला की घरात एकच विषय निघतो, नाव कुठे घालायचं. सासूबाईंना ओळखीच्या डॉक्टरीणबाई हव्या असतात, नवऱ्याला घराजवळचं हॉस्पिटल, आणि आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच. जिला कळा सोसायच्या आहेत तिला काय हवंय, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं.

२०१८-१९ मध्ये व्हाइट रिबन अलायन्स या संस्थेने हाच प्रश्न ११४ देशांतल्या सुमारे १२ लाख बायका-मुलींना विचारला. सर्वांत जास्त जणींनी मागितली ती सन्मानाची वागणूक. त्याखालोखाल पाणी आणि स्वच्छता. मला याचं नवल वाटलं नाही. माझं पहिलं बाळंतपण पेठेतल्या लहान प्रसूतिगृहात झालं, दुसरं सरकारी रुग्णालयात आणि बहिणीचं मोठ्या खासगी हॉस्पिटलात. तिन्हीकडचं जवळून पाहिलंय, म्हणून लिहिते.

प्रसूतिगृहात नऊ महिने एकच डॉक्टरीणबाई तपासतात, नावाने हाक मारतात. कळा सुरू झाल्यावर आई शेवटपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. सरकारी रुग्णालयात ती दाराबाहेर. खाटेला खाट लागलेली, पडदा अर्धाच. शेजारची मुलगी कळांनी ओरडली तेव्हा एक सिस्टर तिला जे बोलली ते इथे लिहवत नाही. त्याच रात्री ड्यूटीवरच्या मावशींनी त्याच मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, हेही खरं. सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आहे, त्यात कळांच्या वेळी सोबत एक बाई असण्याची तरतूद आहे. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही नाव घालतानाच विचारा. बहिणीला स्वतंत्र खोली मिळाली, नवरा आत होता, कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शनही मिळालं. पण सिस्टर-डॉक्टरांची ड्यूटी बदलली की नवा चेहरा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

सिझरचा आकडा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीमधली १४.३ टक्के. खासगीतलं प्रत्येक सिझर विनाकारण असतं असं मुळीच नाही. पण डॉक्टरांना सरळ विचारायला हवं, तुमच्याकडे शंभर पहिलटकरणींत सिझर किती होतात आणि नॉर्मलसाठी तुम्ही किती थांबता? गर्भपिशवीचं तोंड दर तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा हिशेब सगळ्यांना लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं आहे. नॉर्मल बाळंतपणात बाळाला वाट करायला योनीमार्गाचं तोंड सरसकट कापून टाके घालण्यालाही संघटनेचा विरोध आहे. हे प्रश्न ऐकून जे डॉक्टर चिडतात, त्यांच्याकडे मी नाव घालणार नाही.

आता प्रसूतिगृहाची कमजोर बाजू, आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, बाळाचे डॉक्टरही. रक्तपेढी दुसरीकडे. माझ्या बाळाला जन्मल्यावर धाप लागली आणि रात्री दोन वाजता त्याला दुसऱ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. चार दिवस मी इकडे आणि बाळ तिकडे. दूध काढून डब्यातून पाठवायचे. म्हणून बीपी वाढलेलं, जुळं, साखर, आधीचं सिझर किंवा वार (प्लासेंटा) गर्भपिशवीत खाली असेल तर माया-आपुलकी जरा बाजूला ठेवा. रक्त आणि नवजात अतिदक्षता विभाग एकाच छपराखाली असलेलं ठिकाण निवडा. पुण्यात ससून आहे, रास्ता पेठेतलं केईएम आहे, मोठी खासगी हॉस्पिटलंही आहेत.

पैशाचं थोडक्यात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझरसकट बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त मोफत आहे. नॉर्मलनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवण, शिवाय घरून आणण्या-सोडण्याची गाडी. खासगीत ‘पॅकेज’ लेखी मागा. खोलीचा वर्ग बदलला की बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची फीही बदलते आणि बाळाच्या पेटीचा खर्च त्यात धरलेला नसतो.

माझं मत विचाराल तर, प्रकृती ठणठणीत असेल तर जवळचं प्रसूतिगृह, पण भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर रात्री किती मिनिटांत पोचतात याचं पक्कं उत्तर मिळाल्यावरच. हात आखडता असेल तर मंगळवार पेठेतल्या कमला नेहरूसारख्या पालिकेच्या रुग्णालयात बिनधास्त जा. नाव लवकर घाला आणि बोलायला न घाबरणारी एखादी आत्या किंवा जाऊ सोबत न्या.

आणि ठरवण्याआधी, सातव्या महिन्याच्या आत, तिथे एकदा संध्याकाळी जाऊन या. लेबर रूम दाखवली नाही तरी वॉर्डातला संडास बघता येतो. नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का ते पाहा. मग दहा मिनिटं बाकावर बसा आणि सिस्टर बाळंतिणींशी कशा बोलतात ते ऐका.